सार्वजनिक प्रवासाची सुरक्षितता : बेंगळुरूच्या अनुभवातून



शाळेच्या हीरकमहोत्सवात प्रवासाच्या सुरक्षिततेचा विषय काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. परंतु विद्यार्थ्याचा दिवस पहिल्या तासाच्या घंटेने सुरू होत नाही. घराचा उंबरठा ओलांडला की तो सुरू होतो. दहावी-बारावीनंतर तर अनेकांचा प्रवास गावाच्या सीमा ओलांडून जातो. मराठी घरांतील कितीतरी मुलेमुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बेंगळुरूला जातात. तेथील बस आणि मेट्रो, सणासुदीला घरी आणणारी रात्रीची शयनयान बस ही त्यांच्या जीवनाची अंगे होतात. ‘पोहोचलो’ एवढा एक शब्द दूरध्वनीवर ऐकू येईपर्यंत घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. या काळजीला विचाराची शिस्त लावता येते काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

बेंगळुरूची निवड सहेतुक आहे. तेथील बससेवेचा आरंभ १९४० साली एका खासगी कंपनीने केला आणि १९५६ मध्ये ती सेवा सरकारकडे आली. १५ ऑगस्ट १९९७ रोजी शहरासाठी बीएमटीसी हे स्वतंत्र महामंडळ अस्तित्वात आले. आज त्याच्या सहा हजारांहून अधिक गाड्या रोज सुमारे ४० लाख प्रवाशांची ने-आण करतात. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता या टप्प्यावर मेट्रो धावू लागली. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही पिवळी मार्गिका सुरू झाली आणि मेट्रोच्या दैनंदिन प्रवाशांची संख्या दहा लाखांपलीकडे गेली. जुन्या रस्त्यांवर नवी वाहने, चालू वाहतुकीच्या डोक्यावर नवी बांधकामे आणि मर्यादित जागेत वाढती गर्दी असे सारे प्रश्न या एका शहरात एकाच वेळी पाहावयास मिळतात.

विषयाच्या मुळाशी जाण्यापूर्वी तीन शब्दांतील भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. ज्यातून इजा संभवते ती वस्तू वा परिस्थिती म्हणजे धोका. ती इजा होण्याची शक्यता आणि झाल्यास तिचे गांभीर्य यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. अपघात ही या दोहोंच्या शेवटी येणारी घटना होय. बेंगळुरूच्या मेट्रोला रुळांशेजारी बसविलेल्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्ट दाबाची वीज मिळते. ती पट्टी हा कायमचा धोका आहे. जोखीम मात्र फलाटावर गर्दी किती, कडेला अडसर आहे की नाही आणि वीज किती त्वरेने तोडता येते यावर कमीजास्त होते. सर्वसामान्य बोलण्यात या दोन पायऱ्या गाळून एकदम अपघाताकडे उडी घेतली जाते. मग तो दैवाने घडला किंवा कोणाच्या बेफिकिरीने घडला, एवढेच दोन निष्कर्ष शिल्लक उरतात.

मँचेस्टर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास अपघातांकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी दिली. सुरक्षिततेची प्रत्येक तरतूद अपूर्ण असते, तिच्यात छिद्रे असतात. म्हणून तरतुदींचे अनेक थर लागतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. मराठी घरातील दृष्टान्त द्यावयाचा तर एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांची कल्पना करावी. एका चाळणीतून निसटलेला खडा दुसरीत अडकतो. ज्या दिवशी सर्व चाळण्यांची छिद्रे एका रेषेत येतात, त्या दिवशी तो थेट खाली पडतो. अपघातानंतर लोकांचे लक्ष शेवटच्या चाळणीकडे, म्हणजे बहुधा चालकाकडे जाते. वरच्या चाळण्यांना छिद्रे कोणी पाडली, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

औद्योगिक सुरक्षाशास्त्रात उपायांचा एक क्रम मानला जातो. धोकाच नाहीसा करणे हा सर्वोत्तम उपाय. ते अशक्य असल्यास कमी धोक्याचा पर्याय योजावा. तोही नसल्यास धोका आणि माणूस यांच्यामध्ये भौतिक अडसर उभारावा. त्यानंतर नियम, प्रशिक्षण व देखरेख यांचा क्रम लागतो आणि अगदी शेवटी व्यक्तीच्या स्वतःच्या सावधगिरीचा. सार्वजनिक व्यवहारात हा क्रम पुष्कळदा उलटा चालतो. ‘सावध राहा’ अशी पाटी लावणे सर्वांत स्वस्त असल्याने तीच प्रथम लागते. बेंगळुरूतील काही प्रत्यक्ष उदाहरणांवरून या क्रमाचे महत्त्व स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण मेट्रोच्या फलाटाचे. १ जानेवारी २०२४ रोजी इंदिरानगर स्थानकात हातातून निसटलेला मोबाइल उचलण्यासाठी एक महिला प्रवासी रुळांवर उतरली. कर्मचाऱ्यांनी वीजपुरवठा तोडला आणि अनर्थ टळला. पहिल्या टप्प्यातील स्थानकांच्या फलाटांवर कडेची रेषा आहे, उद्घोषणा आहेत, सुरक्षारक्षक आहेत. परंतु फलाट आणि रूळ यांमध्ये दारे नाहीत. रेषा, उद्घोषणा आणि शिट्टी हे सारे शेवटच्या दोन पायऱ्यांवरचे उपाय होत. सिंगापूरने १९८७ मध्ये मेट्रो सुरू करतानाच भुयारी स्थानकांत फलाटाच्या कडेला सरकती दारे बसविली आणि २०१२ पर्यंत उन्नत स्थानकांनाही ती जोडली. मुंबईच्या भुयारी मेट्रो तीन या मार्गिकेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली गाडी धावली ती अशा दारांसहच. जेथे दार आहे तेथे मोबाइल रुळांवर पडत नाही, तोल गेलेले मूल फलाटावरच राहते आणि निराशेच्या क्षणी तेथे आलेल्या माणसालाही एक अडसर आडवा येतो. हा खर्च मोठा आहे, हे खरे. म्हणूनच तो आराखड्याच्या टप्प्यावर करावा लागतो. धावत्या मार्गावर मागाहून दारे बसविणे अधिक खर्चिक व जिकिरीचे ठरते.

दुसरे उदाहरण दारांचेच, परंतु बसच्या. चालकाच्या हाताशी असलेल्या कळीने उघडझाप होणारी दारे आता शहरातील बसगाड्यांना सर्रास असतात. तरीही दार उघडे ठेवून गाडी धावताना दिसते आणि पायरीवर प्रवासी उभे असतात. याला केवळ बेशिस्त म्हणणे सोपे आहे. थांब्याच्या खाचेत खासगी वाहने उभी असल्याने बस रस्त्याच्या मध्यावर थांबते, प्रवासी तिला गाठण्यासाठी पदपथ सोडून रस्त्यावर उतरतात आणि वेळापत्रकाच्या ओढीने चालक दार मिटण्याची वाट पाहत नाही. दार मिटल्याशिवाय गाडी हलूच नये, अशी यांत्रिक जोडणी शक्य आहे. तिच्या जोडीला थांब्याची जागा मोकळी ठेवावी लागेल आणि वेळापत्रकात प्रत्येक थांब्यासाठी पुरेसे क्षण धरावे लागतील. या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या तरच दाराचा नियम पाळला जाईल.

दाराच्या प्रश्नाशी गर्दी जोडलेली आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसगाड्यांतून विनामूल्य प्रवासाची मुभा मिळाली आणि लक्षावधी स्त्रियांच्या पायांना बळ आले. अशा योजनेचे यश गाड्यांच्या संख्येवरही अवलंबून असते, कारण क्षमतेपलीकडे भरलेली बस हा स्वतंत्र धोका आहे. मुंबईकरांना याची किंमत ठाऊक आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळील वळणावर दोन लोकलगाड्या शेजारून जात असताना दारांत लटकणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील किमान चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर रेल्वेने बिगर-वातानुकूलित लोकललाही स्वयंचलित दारे बसविण्याचे ठरविले. मात्र बंद डब्यात जीव गुदमरू नये म्हणून दारांना झडपा, छतावरून हवा खेळविण्याची सोय आणि डब्यांमधून जाण्यायेण्याचा मार्ग यांचाही त्या रचनेत समावेश करावा लागला. एका धोक्यावरील उपायातून दुसरा धोका जन्म घेत नाही ना, हे पाहणे किती आवश्यक असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

गर्दीचा प्रश्न गाडीच्या दाराशी संपत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांनी प्राण गमावले. पूल अपुरा पडतो, हे त्यावरून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी नवा पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुलाही झाला. जे काम पाच महिन्यांत होऊ शकत होते, त्यासाठी २३ मृत्यूंची वाट पाहिली गेली. बेंगळुरूत ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेरील चेंगराचेंगरीत ११ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी कब्बन पार्क आणि विधानसौध या जवळच्या स्थानकांवर मेट्रो न थांबविण्याचा निर्णय घ्यावा लागला. मेट्रो ज्या वेगाने माणसे आणून सोडते, तो वेग बाहेरील रस्त्याला आणि प्रवेशद्वारांना पेलतो की नाही, याचा हिशेब कार्यक्रमाला परवानगी देतानाच मांडला गेला पाहिजे.

तिसरे उदाहरण बांधकामाचे आणि अत्यंत वेदनादायक. १० जानेवारी २०२३ रोजी सकाळी नागवारा परिसरात बाह्य वळण रस्त्यावर मेट्रोच्या खांबासाठी उभा केलेला लोखंडी सळ्यांचा उंच सांगाडा दुचाकीवर कोसळला. एक तरुण आई आणि तिचा चिमुकला मुलगा त्यात मृत्युमुखी पडले. ज्यांच्या डोक्यावर काही टन लोखंड कोसळते, त्यांना ‘सावकाश चालवा’ असे सांगण्यात काय अर्थ आहे? अशा ठिकाणी प्रवाशाच्या सावधगिरीला काहीच वाव नसतो. काँक्रीट ओतले जाईपर्यंत असा सांगाडा स्वतःच्या बळावर स्थिर नसतो. त्याला चहूबाजूंनी ताण देऊन सावरून धरावे लागते. त्याहूनही वरची पायरी म्हणजे, तो उभारण्याच्या व सावरण्याच्या काळात त्याच्या उंचीइतक्या परिघात वाहतूकच असू नये. रस्ता काही तास बंद ठेवल्याने होणारी गैरसोय आणि एका कुटुंबाचा झालेला उच्छेद यांची तुलना होऊ शकत नाही. दुर्घटनेनंतर भारतीय विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी कारणांचा अभ्यास केला, हे योग्यच झाले. असा तटस्थ अभ्यास सांगाडा उभारण्यापूर्वीच्या आराखड्याचा होणे हे अधिक मोलाचे.

चौथे उदाहरण मराठी घरांना सर्वांत जवळचे, रात्रीच्या बसचे. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी बेंगळुरूहून हैदराबादला निघालेली खासगी बस पालेम गावाजवळ एका मोरीला घासली, पेटली आणि ४५ प्रवासी जळून मृत्युमुखी पडले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १४ नोव्हेंबरला, बेंगळुरूहून मुंबईकडे येणारी बस हावेरीजवळ तशीच पेटली आणि सात जण दगावले. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकला १२ आणि १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ २५ प्रवासी अशाच आगीत गेले. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी हैदराबादहून बेंगळुरूकडे येणारी शयनयान बस कर्नूलजवळ पेटली आणि सुमारे वीस जणांचा अंत झाला.

या घटनांची निमित्ते वेगवेगळी होती. कोठे मोरी, कोठे दुभाजक, तर कोठे रस्त्यावर पडलेली दुचाकी. मात्र धडकेतून वाचलेली माणसेही पुढे आगीत सापडली, हे सूत्र बहुतेक ठिकाणी समान आहे. शयनयान बसमध्ये मधली वाट चिंचोळी असते, वरच्या बर्थवरून अंधारात उतरावे लागते, मुख्य दार एकच असते आणि पडदे, गाद्या, प्लास्टिक यांमुळे धूर झपाट्याने पसरतो. संकटकालीन दार कागदोपत्री असते. प्रत्यक्षात कधी त्यासमोर सामान असते, तर कधी एखादे जादा आसन. काच फोडण्याची हातोडी जागेवर नसते. बसबांधणीसाठी व शयनयान बससाठी देशात संहिता आहेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने लांब पल्ल्याच्या तसेच शाळेच्या नव्या बसगाड्यांत प्रवासी कक्षातही आगीची सूचना देणारी आणि ती रोखणारी यंत्रणा बसविण्याचा नियम अधिसूचित केला. परंतु नवा नियम नव्या गाड्यांना लागतो आणि जुन्या गाड्या वर्षानुवर्षे धावत राहतात. नोंदणीनंतर गाडीच्या अंतर्भागात केलेले फेरफार योग्यता-प्रमाणपत्र देताना तपासले गेले नाहीत, तर उत्तमातील उत्तम संहिताही त्या गाडीपर्यंत पोहोचत नाही.

पाचवे उदाहरण चालकाचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेलमंगल परिसरात बीएमटीसीची बस चालवीत असतानाच चालकाला हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि तो आसनावरच कोसळला. वाहकाने प्रसंगावधान राखून चाकाचा ताबा घेतला आणि बस थांबविली. प्रवासी बचावले, चालकाचे प्राण मात्र वाचले नाहीत. वाहकाच्या धैर्याचे कौतुक झाले आणि ते व्हावयासच हवे होते. परंतु शेकडो प्रवाशांचे जीवित एका माणसाच्या हृदयावर सोपविलेले असेल, तर त्या हृदयाची काळजी हा प्रवासी-सुरक्षेचाच भाग ठरतो. चालकाच्या कामाचे तास, दोन पाळ्यांमधील विश्रांती, वेळेवर जेवण, आगारातील स्वच्छतागृह आणि नियमित वैद्यकीय तपासणी यांकडे केवळ कामगारांची मागणी म्हणून पाहणाऱ्या व्यवस्थेने सुरक्षेची एक चाळणी स्वतःहून काढून टाकलेली असते.

या साऱ्या उदाहरणांतून एक व्यापक प्रश्न उभा राहतो. अपघातानंतर चौकशी कोणी करावी आणि कशासाठी? या बाबतीत रेल्वेची परंपरा उद्बोधक आहे. रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे कार्यालय रेल्वे मंत्रालयाच्या अधीन नसून नागरी उड्डाण मंत्रालयाखाली येते. जो गाड्या चालवितो त्यानेच स्वतःची परीक्षा घेऊ नये, हे त्यामागील तत्त्व आहे. मेट्रोचा नवा मार्गही सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीनंतरच प्रवाशांसाठी खुला होतो. थोर अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवरील अहवाल दिला. रूळ ओलांडताना वर्षाकाठी सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांतील सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी रेल्वेवर, याकडे त्या अहवालाने देशाचे लक्ष वेधले. स्वतंत्र वैधानिक सुरक्षा प्राधिकरणाची शिफारसही त्यात होती.

बसच्या बाबतीत मात्र अशी स्वतंत्र तांत्रिक चौकशी नियमाने होत नाही. पोलीस पंचनामा करतात आणि चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदविला जातो. न्यायासाठी हे आवश्यकच आहे. परंतु गुन्ह्याचा तपास दोषी कोण, हे शोधतो. त्याच रस्त्यावर, त्याच बनावटीच्या गाडीत पुढचा अपघात कसा टळेल, हे शोधणे त्याचे काम नव्हे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या मृत्यूंतून देशाने काय शिकावयाचे, हे ठरविणारी यंत्रणा रस्त्यावरील वाहतुकीसाठीही असली पाहिजे. जे अपघात थोडक्यात टळले, त्यांची नोंद ठेवण्याची सवय तर त्याहून महत्त्वाची आहे. विमान वाहतुकीत ती रुजली, कारण तेथे चूक निदर्शनास आणणाऱ्याला शिक्षेचे भय वाटू नये, याची दक्षता घेतली गेली.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. या अपघातांच्या वर्णनाने भयभीत होऊन कोणी बस वा मेट्रो सोडून दुचाकीकडे वळेल, तर तो आगीतून फुफाट्यात पडेल. प्रवासी-किलोमीटरच्या हिशेबाने सार्वजनिक वाहन हे दुचाकीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. बेंगळुरूत नोंदणीकृत वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली असून त्यांत दुचाकींचा वाटा सर्वांत मोठा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपये झाले, तेव्हा काही प्रवासी मेट्रोपासून दूर गेले. त्यांतील जे दुचाकीवर गेले, त्यांची जोखीम वाढली. २०१९ मध्ये सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम या रस्त्यावर बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका आखली गेली. पुढे मेट्रोच्या कामात ती राहिली नाही. भाडे आणि मार्गिका हे वरकरणी अर्थकारणाचे व सोयीचे विषय वाटतात. तथापि बस वेळेवर आणि परवडणारी असणे, हा रस्त्यावरील मृत्यू कमी करण्याचाही मार्ग आहे.

अखेरीस शाळेच्या कर्तव्याकडे वळणे उचित ठरेल. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले बुडाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी निर्देश दिले. पिवळा रंग, वेगनियंत्रक, अनुभवी चालक, सोबत मदतनीस, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक या आज ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींमागे त्या २८ मुलांची स्मृती आहे. खिडक्यांच्या आडव्या गजांचा निर्देशही त्यांतलाच. मुलांनी डोके बाहेर काढू नये म्हणून लावलेले हेच गज आगीच्या वेळी सुटकेची वाट अडवितात. म्हणून संकटकालीन दार खरोखर उघडते की नाही, हे प्रत्येक सत्रारंभी मुलांसमोर उघडून पाहणे अनिवार्य मानले पाहिजे.

शाळेला यापलीकडेही बरेच काही करता येईल. भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्यांनी घर ते शाळा या वाटेचा नकाशा काढावा आणि कोठे पदपथ तुटतो, कोठे झाकण नसलेले गटार आहे, कोठे बस रस्त्याच्या मध्यावर थांबते, हे त्यावर दाखवावे. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची एक वही मुख्याध्यापकांच्या कार्यालयात असावी आणि तीत नोंद करणाऱ्या मुलाला कोणी रागावू नये. वर्षातून एकदा ती वही व तो नकाशा पालकसभेपुढे आणि तेथून स्थानिक स्वराज्य संस्था व बस आगार यांच्यापुढे लेखी स्वरूपात ठेवावा. उत्तर आले नाही, तर पुढील वर्षी तोच कागद नव्या नोंदींसह पुन्हा पाठवावा. रात्रीच्या बसने प्रथमच दूर निघणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना, गाडीत पाऊल ठेवताच संकटकालीन दार व हातोडी पाहून घेण्याचा आणि वाट अडलेली असल्यास ती मोकळी करून घेण्याचा धडा येथेच मिळावा.

साठ वर्षांत या शाळेने प्रश्न विचारण्याचे वळण पिढ्यान्‌पिढ्यांना लावले आहे. बस थांब्यापासून इतकी दूर का थांबते, हे दार का उघडत नाही, त्या खांबाखालून वाहतूक का चालू आहे, हे प्रश्न नागरिकांनी वेळीच विचारले आणि संबंधितांनी त्यांची वेळीच उत्तरे दिली, तर कितीतरी घरांतील ‘पोहोचलो’ हा शब्द ऐकू येण्याचे थांबणार नाही. शाळेच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.